पहिला घोडा घेताय? आधी नालबंद शोधा

दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेत दरवर्षी एक प्रकार हमखास दिसतो. माणूस "नुसता बघायला" म्हणून येतो, तापीकाठी रांगेनं बांधलेल्या घोड्या बघून हरखतो आणि संध्याकाळी विसार देऊन मोकळा होतो. घोडा ठेवायचा कुठं, खायला काय घालायचं, नाल कोण मारणार, हे प्रश्न ट्रक घरी पोचल्यावर सुरू होतात. हा लेख शेतावर किंवा गावाकडे हौसेनं, बसण्यासाठी पहिला घोडा घेऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. शर्यत, पैदास आणि लग्नाच्या वरातीचा धंदा यांचं गणित वेगळं असतं, ते इथं घेतलेलं नाही.

१. बाजाराला जाण्याआधी तीन माणसं गाठा

नालबंद, घोड्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य आणि रोज सकाळ-संध्याकाळ हाताशी असणारा माणूस. यांतला एक जरी मिळत नसेल तरी खरेदी पुढं ढकला.

नालबंद सगळ्यात दुर्मिळ. घोड्याचं खूर सतत वाढतं. दर ५ ते ६ आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून पुन्हा बसवावी लागते. अनवाणी ठेवलेल्या घोड्याचंही खूर तासावंच लागतं. बैलाला पत्री मारणारा कारागीर घोड्याला चालत नाही, कारण खुराची रचना आणि खिळ्याची दिशा दोन्ही निराळ्या. खिळा आतल्या जिवंत भागात गेला तर घोडा त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत लंगडतो आणि आत पू होतो. जवळच्या रायडिंग क्लबात, वरातीच्या घोडीवाल्यांकडे किंवा बैलगाडा शर्यतीत बैलांपुढं घोडी पळवणाऱ्यांकडे चौकशी केली की त्या भागातला चांगला नालबंद कोण ते कळतं.

पशुवैद्याला थेट विचारा, "पोटशूळ उठलेल्या घोड्याला नाकातून नळी घालता येते का?" घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोट तुंबलं तर ही नळी जीव वाचवते. गाई-म्हशींचे उत्तम डॉक्टरही घोड्याच्या बाबतीत सरावलेले असतीलच असं नाही.

आणि तुम्ही स्वतः? किमान सहा महिने एखाद्या क्लबात बसायला शिका, खरारा (ब्रशनं अंग घासून साफ करणं) करायला शिका, चारी खुरं उचलून साफ करता आली पाहिजेत. नवशिका माणूस आणि नवशिका घोडा ही जोडी दवाखान्यात संपते.

२. चंदी-चाऱ्याचा हिशोब कागदावर मांडा

घोड्याच्या किमतीची चर्चा सगळे करतात, खाण्याची फारसं कोणी करत नाही. सोपा नियम असा, की वजनाच्या साधारण २ टक्के सुका आहार रोज. ३५० किलोच्या घोड्याला ७ किलो. म्हणजे महिन्याला २१० किलो, वर्षाला अडीच टन. हलकं काम करणाऱ्या घोड्याची रोजची मांडणी अशी असू शकते:

- सुकं गवत किंवा ज्वारीचा चांगला कडबा: ४ ते ५ किलो
- हिरवा लसूणघास: ८ ते १० किलो (यात बहुतेक पाणीच असतं, सुका भाग जेमतेम पाचवा)
- चंदी, म्हणजे भरडलेले जव किंवा ओट आणि थोडा भिजवलेला हरभरा: दीड किलो, दोन वेळांत विभागून
- मीठ: ३० ते ५० ग्रॅम
- पाणी: ३० ते ४० लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त, चोवीस तास समोर

तुमच्या गावचे भाव यात घाला, नालबंदी, जंताचं औषध, लसी आणि माणसाचा पगार मिळवा. हा आकडा बारा महिने झेपत असेल तरच पुढं वाचा.

चाऱ्यात आपल्याकडे होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. गोठ्यात गाई असतात, त्यांच्यासाठी हत्तीगवत लावलेलं असतं, तेच घोड्याला टाकलं जातं. हत्तीगवतात ऑक्झलेट जास्त असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. वर भरपूर गव्हाचा कोंडा घातला की त्यातलं फॉस्फरस उरलेला तोल बिघडवतं. काही महिन्यांत शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढायला लागतं, जबड्याची हाडं सुजतात आणि घोडा कधी या पायानं तर कधी त्या पायानं लंगडतो. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असल्यानं तो रोज थोडा तरी द्यावा. उसाच्या वाढ्यांवर घोडा पोसू नये. कोवळी ज्वारी तर अजिबात नको, तिच्यात विष असतं.

दुसरी चूक जीवघेणी आहे. कोंबडीखाद्यात आणि काही पशुखाद्यांत मोनेन्सिनसारखी औषधं मिसळलेली असतात. कोंबडीला ती उपयोगी, पण घोड्याचं हृदय त्यांच्या थोड्याशा मात्रेनंही निकामी होतं. दुभत्या जनावरांची पेंड घोड्याच्या तोबऱ्यात जाता कामा नये, आणि कोंबडीखाद्याची पोती त्याच खोलीत नकोत.

बुरशी आलेला कडबा गाय पचवेल, घोडा नाही. मूठभर चारा हातात चुरगाळून वास घ्या. धूळ उडाली किंवा कुबट वास आला तर परत करा.

३. जागा

एका घोड्याला १२ फूट बाय १२ फूट पागा, छत निदान १० फूट उंच, हवा आरपार खेळती. जमीन मुरमाची चांगली. गुळगुळीत सिमेंटवर घोडा घसरतो, त्यावर रबरी चटई किंवा जाड अंथरण हवं. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्याचे चार महिने पागेत ओल राहिली तर खुराच्या तळाचा मऊ त्रिकोण कुजतो आणि काळा, घाण वासाचा चिकटा येतो. पागेच्या बाहेर मोकळं फिरायला कुंपण हवं, पण काटेरी तारेचं नको. बिथरलेला घोडा तार बघत नाही.

घोडा कळपातलं जनावर आहे. एकटा ठेवला तर तो बेचैन होतो, लाकूड चावतो, हवा गिळतो. दुसरा घोडा परवडत नसेल तर शेळी किंवा गाय शेजारी बांधा.

४. कोणता घोडा?

आपल्या बाजारात मुख्यतः मारवाडी आणि काठियावाडी दिसतात. दोघांचे कान आत वळलेले असतात, काठियावाडीचे जास्त, अगदी टोकं टेकण्याइतके. भीमा खोऱ्यातला भीमथडी घोडा ठेंगणा, काटक आणि खायला कमी. धनगरांच्या कळपांबरोबर ओझं वाहत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. हलक्या वजनाच्या माणसाला आणि डोंगराळ वाटेला तो फार चांगला, पण बाजारात त्याला भाव देणारे कमी. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड स्वस्तात, कधीकधी फुकटातही मिळतात. मोह टाळा. त्यांना पळायचंच शिकवलेलं असतं, कातडी पातळ, खाणं जास्त आणि पुढच्या पायांच्या शिरांना (कंडरांना) बहुधा जुनी दुखापत. तो दुसरा किंवा तिसरा घोडा म्हणून ठीक.

वय: पहिल्या घोड्यासाठी ८ ते १२ वर्षं. "शिंगरू घेऊ, आपल्यासोबत वाढेल" हा विचार गोड आहे आणि चुकीचा आहे. शिंगराला शिकवणं हे कसबी माणसाचं काम.

घोडा, घोडी की खच्ची? खच्ची केलेला घोडा स्वभावानं सगळ्यात सरळ, पण आपल्याकडे तो कमी मिळतो, म्हणून बहुतेकांनी शांत घोडी बघावी. खडा, म्हणजे खच्ची न केलेला घोडा पहिल्यांदा घेऊ नये. शेजारच्या वस्तीत घोडी माजावर आली की तो कोणाचाच राहत नाही. "गाभण आहे, एकाच्या भावात दोन" असं सांगून घोडी विकली जाते. गाभ ११ महिन्यांचा असतो, तेव्हा सोनोग्राफी झालेली नसेल तर त्या दुसऱ्याचा एक रुपयाही देऊ नका.

तुमचं वजन: बसणारा आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नको. घोड्याचं वजन टेपनं काढता येतं. खांद्यामागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले छातीच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११८८०. घेर १६५ आणि लांबी १५० असेल तर साधारण ३४४ किलो. त्यावर ६८-६९ किलो चालतील. खोगीर ८ किलोचं धरलं तर बसणारा साठीचा. पंच्याऐंशी किलोच्या माणसानं दिसायला कितीही देखणी असली तरी ही घोडी घेऊ नये.

उंची बाजारात इंचात सांगतात, "त्रेसष्ट इंची आहे" वगैरे. ती नाल वगळून, सपाट जागेवर, मानेच्या बुडाशी असलेल्या उंचवट्यापर्यंत सरळ काठीनं मोजायची. विक्रेता टेप अंगावरून वळवून मोजतो, त्यात दोन-तीन इंच सहज वाढतात.

आता रंग आणि केसांचे भोवरे. पंचकल्याणी (चारी पाय आणि तोंड पांढरं), नुकरा (पांढरा घोडा), देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा), अशुभ भोवरा, या गोष्टींवर हजारो-लाखोंचा फरक पडतो. ज्याची श्रद्धा असेल त्यानं जरूर बघावं, पण पाय बघून झाल्यावर. उलट एखादी गुणी घोडी निव्वळ भोवऱ्यामुळे स्वस्तात मिळत असेल तर ती नवख्याच्या फायद्याची. फक्त विकताना तुम्हालाही तोच भाव येईल हे धरून चाला.

५. कुठून घ्यायचा?

दिवाळीच्या सुमारास अकलूजचा घोडेबाजार, मार्गशीर्षात सारंगखेडा (जि. नंदुरबार), मग खंडोबाच्या यात्रेत माळेगाव (जि. नांदेड). तिन्ही जरूर बघा. एका जागी इतके घोडे बघून डोळा तयार होतो. पण पहिली खरेदी शक्यतो मालकाच्या दारातून करा. यात्रेत घोडा प्रवासानं शिणलेला, गर्दीनं बावरलेला आणि तोंड दाबून ठेवलेला असतो. तिथं त्याचा खरा स्वभाव कळत नाही. नाचणारी, मागच्या पायांवर उभी राहणारी घोडी बघून टाळ्या वाजवा, पण घेऊ नका. ती इशाऱ्यांवर शिकलेली असते, आणि तुमच्या नकळत टाच लागली की ती तेच करेल.

यात्रेतच घ्यायचा असेल तर ओळखीचा जाणकार सोबत न्या. मात्र तो विक्रेत्याकडूनही दलाली घेत नाही ना, हे आधी स्पष्ट विचारा. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवण्याची पद्धत माहीत नसेल तर उघड बोलून ठरवा, त्यात कमीपणा नाही.

६. पाहणी

न कळवता, सकाळी लवकर जा. कळवलंच असेल तर पोचताक्षणी खोगिराच्या पट्ट्याखाली हात लावून बघा. घाम असेल तर घोडा आधीच दमवून शांत केलेला आहे किंवा आखडलेले पाय मोकळे करून ठेवलेले आहेत. खालचा ओठ लोंबतोय, मान खाली, डोळे पेंगुळलेले दिसले तर गुंगीचं औषध दिल्याचा संशय धरा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा या.

*पागेत:* गव्हाणीची कड कुरतडलेली आहे का? वरच्या पुढच्या दातांची कड झिजलेली, गळ्याभोवती पट्ट्याचा वण आहे का? ही हवा गिळण्याच्या खोडीची चिन्हं आहेत. घोडा उभ्या उभ्या डोलतो का?

*दात:* मधले दोन पक्के दात अडीच वर्षांत येतात, त्यांच्या बाजूचे साडेतीन, कडेचे साडेचार वर्षांत. पाचव्या वर्षी तोंड पुरं भरतं. खालच्या दातांवरचे काळे खळगे मधून सुरू होऊन सहा, सात, आठ या वर्षांत मिटत जातात. दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या कडेच्या दातावर हिरडीजवळ एक उभी खाच दिसू लागते, पंधरापर्यंत ती अर्ध्यावर येते, विसाला पूर्ण दातभर. "सात वर्षांची" म्हणून दाखवलेल्या घोडीला ही खाच अर्ध्यावर असेल तर उरलेलं काय काय खोटं आहे ते बघत बसू नका, निघा. खळगे कोरून काळे करण्याची युक्ती जुनी आहे, कडेची खाच मात्र सहसा कोणी कोरत नाही.

*पाय:* चारी खुरं स्वतः उचला. उचलू देत नसेल तर नालबंदही हैराण होणार. खुरावरच्या आडव्या वळ्या टाचेकडे रुंद होत गेल्या असतील तर आधी खुराची सूज होऊन गेलेली आहे. पुढच्या पायाच्या नळीमागची शीर दोन बोटांनी वरून खाली चाचपा, दोन्ही पायांची तुलना करा. एक जाड, गाठाळ किंवा गरम लागली तर तो घोडा नको.

मग घोडा कडक जमिनीवर, सैल दोरीनं, दुडक्या चालीत सरळ पळवायला लावा. दोरी आखडून धरली तर मानेची हालचाल लपते. पुढचा पाय दुखत असेल तर चांगला पाय टेकताना डोकं खाली जातं, दुखरा टेकताना वर उचललं जातं. मागचा दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. नंतर दोन्ही बाजूंनी लहान गोलात पळवा. मारवाडी-काठियावाडीची रेवाल चाल बसायला सुखाची असते, पण लंगडेपणा तीत दडतो, म्हणून दुडकी बघितल्याशिवाय उठू नका.

*कुमरी:* ही तपासणी आपल्याकडे विसरायची नाही. गाईगुरांतला एक जंत डासांमार्फत घोड्याच्या मज्जारज्जूत शिरतो आणि कंबर लुळी पडते. घोडा चालत असताना शेपूट एका बाजूला ओढा, मग दुसऱ्या. निरोगी घोडा लगेच अंग सावरतो, कुमरीचा झोक जातो. उलटं चालवा, अगदी लहान गोलात वळवा. मागचे पाय एकमेकांत अडकत असतील किंवा खुराचा पुढचा भाग घासत असेल तर घेऊ नका.

*स्वार:* आधी मालकाला किंवा त्याच्या माणसाला बसायला लावा. "तुम्हीच बसा की" असं म्हणून तो टाळत असेल तर कारण उघड आहे. मग तुम्ही बसा, आवारात, नंतर रस्त्यावर ट्रॅक्टर आणि कुत्र्यांच्या जवळून. एकट्यानं घर सोडून जाताना अडतो का, ते बघा. दोन वेगवेगळ्या दिवशी बसून बघा.

७. डॉक्टरची तपासणी आणि रक्त

विक्रेत्याचा नव्हे, तुमचा डॉक्टर. विश्रांतीत अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. दोन्ही कुशींत आतड्यांची गुरगुर ऐकू आली पाहिजे. डोळे अंधारात टॉर्चनं बघावेत.

रक्तात दोन गोष्टी तपासाच. पहिली सर्रा, रक्तातल्या परजीवीचा आजार. चावऱ्या माश्यांमुळे, विशेषतः पावसाळ्यानंतर पसरतो. घोडा नीट खातो पण वाळत जातो, ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज येते. दुसरी ग्लँडर्स, जिवाणूंमुळे होणारा संसर्गजन्य आजार. हा माणसालाही होतो. बाधित घोड्यावर इलाज केला जात नाही, त्याला दयामरण द्यावं लागतं आणि आजाराची खबर सरकारला देणं बंधनकारक आहे. नमुना सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पाठवता येतो. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र ही त्यासाठीची मुख्य प्रयोगशाळा. अहवाल येईपर्यंत थोडा विसार द्या, पूर्ण रक्कम नको. वेदनाशामक देऊन लंगडेपणा लपवल्याचा संशय असेल तर त्याच रक्तात औषधाची तपासणी होऊ शकते का ते डॉक्टरांना विचारा.

८. कागद

- खरेदी पावती: दोघांची नावं, ओळखपत्राच्या प्रती, रक्कम, तारीख. बाजारात घेतला तर बाजार समितीची पावती वेगळी
- घोड्याचं वर्णन: रंग, कपाळावरचा टिळा, पांढरे पाय, भोवऱ्यांच्या जागा, चारी बाजूंनी फोटो
- जातीची नोंद सांगितली असेल तर नोंदीचा कागद आणि मायक्रोचिपचा क्रमांक यंत्रावर ताडून
- ग्लँडर्सचा अहवाल, लसीकरणाची नोंद
- पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा वाहतुकीसाठीचा आरोग्य दाखला
- "अहवाल सदोष आल्यास विसार परत" हे वाक्य, सहीनिशी

शहराच्या हद्दीत ठेवणार असाल तर महापालिकेचे नियम आधी विचारा.

९. घरी आणताना

१९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत घोड्यांसाठी तपशील दिलेला आहे. गाडीच्या तळाला न घसरणारं अंथरण, प्रत्येक घोड्यामध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू, तोंडं डावीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांपासून दूर, एका गाडीत चार ते सहाच घोडे, सोबत माणूस आणि वेग ताशी ३५ किलोमीटरपर्यंत. विक्रेत्याकडून आठवडाभराचा त्याचा नेहमीचा चारा आणि चंदी मागून घ्या. हे मागायला लोक लाजतात आणि मग चौथ्या दिवशी पोटशूळ होतो. नवा आहार ७ ते १० दिवसांत थोडा थोडा वाढवत आणावा.

१०. पहिले तीन आठवडे

इतर घोड्यांपासून वेगळा बांधा, भांडी आणि खराऱ्याचा ब्रशही वेगळा. धनुर्वाताची लस घोड्याला अत्यावश्यक आहे, आधीची खात्रीची नोंद नसेल तर पहिल्यापासून सुरू करा. रेबीजचीही द्या. जंताचं औषध डॉक्टरांना विचारून. पहिले काही दिवस बसू नका, हातानं चालवा, खरारा करा, नाव घेऊन बोला. रोज दोन वेळा लीद बघा, किती वेळा झाली आणि कशी होती.

खोगीर आता घ्या, आधी नाही. ते या घोड्याच्या पाठीवर बसवूनच घ्यायचं असतं. मागून मधोमध उभं राहून पाहिल्यावर पाठीच्या कण्यावर उजेडाची फट दिसली पाहिजे.

आणि पागेच्या दारावर एक पाटी लावा, घरातल्या कोणालाही वाचता येईल अशी: घोडा पोटाकडे वळून बघतोय, पाय आपटतोय, लोळतोय, लीद थांबली आहे. असं दिसलं तर चारा-चंदी काढून घ्या, नाडी मोजा, डॉक्टरला फोन करा. लोळून अंगाला लागण्याची भीती असेल तरच हळू चालवा, दमवू नका. तेल, सोडा, घरगुती काढा तोंडात ओतायचा नाही, तो श्वासनलिकेत जातो. नाडी साठच्या वर गेली तर डॉक्टर येईपर्यंत थांबू नका, गाडीही बोलवा. पाटीवर डॉक्टरचे दोन नंबर, नालबंदाचा एक आणि गाडीवाल्याचा एक.